औंधचे राजे आणि शाळेतले नमस्कार

सातारा जिल्ह्यातील औंध हे गाव आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना यमाईच्या डोंगरामुळे ठाऊक आहे. नवरात्रात देवीच्या दर्शनाला जावे, धापा टाकीत पायऱ्या चढाव्यात आणि उतरताना श्रीभवानी संग्रहालयातील चित्रे पाहावीत, असा शिरस्ता असतो. ज्या राजाने ते संग्रहालय १९३८ साली उभारले, त्या श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे नाव चित्रकलेच्या संदर्भात घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु या राजाने आपल्या छोट्याशा संस्थानातील शाळांना व्यायामाचा एक नेम घालून दिला होता. मुलांच्या आयांनी तो नेम समजून घ्यावा अशी इच्छा असल्याने मंडळाच्या या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहे.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. प्रतिनिधी हे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळी निर्माण झालेले मोठ्या मानाचे पद होय. पुढे इंग्रजी अमलात या घराण्याकडे औंधची जहागीर राहिली. भवानरावांचे वडील श्रीनिवासराव हे औंधचे अधिपती होते. वडीलकीच्या नात्याने गादी थोरल्या भावाकडे जावयाची असल्यामुळे भवानरावांना आपण कधी राजे होऊ असे वाटण्याचे कारण नव्हते. ते साताऱ्यास शिकले, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले आणि संस्थानच्या कारभारात वडिलांच्या हाताखाली काम करू लागले. चित्रे काढणे, कीर्तन करणे आणि ग्रंथ वाचणे हे त्यांचे छंद होते. कीर्तन ते स्वतः उभे राहून करीत. संस्थानिकाच्या मुलाने कीर्तनास उभे राहावे ही त्या काळी थोडी नवलाचीच गोष्ट होती.

ऐन तारुण्यात त्यांना व्यायामाची ओढ लागली. त्या वेळी यूजेन सँडो या युरोपातील बलवान पुरुषाचे नाव जगभर गाजत होते. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने विलायतेहून हिंदुस्थानात येत असत. १८९७ च्या सुमारास भवानरावांनी ती मागविली आणि पुढे सुमारे दहा वर्षे ती पद्धत नेमाने चालविली. त्यांच्यासारख्या सधन माणसाला हे परवडण्याजोगे होते. पण यात त्यांचे समाधान झाले नाही. मिरजेचे राजेसाहेब, बाळासाहेब पटवर्धन, सूर्यनमस्कार घालीत असत. त्यांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास भवानरावांनी सँडोची साधने बाजूला ठेवली आणि ते नमस्कारांकडे वळले. नमस्कार काही त्यांना नवे नव्हते. ते घराघरांतून चालत आलेले होते आणि रामदासस्वामींच्या नावाशी ते जोडण्याची आपल्याकडे परंपराच आहे. परंतु घरचीच वस्तू पुष्कळदा दुसऱ्याने दाखवल्यावर डोळ्यांत भरते, तसे येथे झाले. तेव्हापासून नमस्कारांनी त्यांना जन्मभर सोबत केली.

नमस्कार म्हणजे काय हे आपण सर्वजणी जाणतो, तरी औंधची रीत येथे सांगितलेली बरी. हात जोडून ताठ उभे राहावयाचे, ही पहिली स्थिती. मग गुडघे न वाकविता खाली वाकून तळहात पावलांशेजारी जमिनीवर टेकावयाचे. पुढे एक पाय मागे न्यावयाचा, मग दुसरा, आणि कंबर वर उचलून शरीराची कमान करावयाची. त्यानंतर साष्टांग नमस्कार: दोन्ही पायांची बोटे, दोन्ही गुडघे, दोन्ही तळहात, छाती आणि कपाळ अशी आठ अंगे भूमीला लागतात. मग छाती पुढे काढून मान वर करावयाची, पुन्हा कमान, पुन्हा एक पाय पुढे, मग दुसरा, आणि शेवटी उभे. अशा या दहा स्थिती होत. प्रत्येक स्थितीला श्वास घेणे, रोखणे आणि सोडणे ठरलेले असते. प्रत्येक नमस्काराला बीजमंत्र आणि मित्र, रवि, सूर्य, भानु अशा सूर्याच्या बारा नावांपैकी एक नाव घ्यावयाचे असते. पाठ, पोट, मांड्या, दंड, मान यांपैकी काही सुटत नाही, आणि जागा लागते ती अंथरुणाएवढी.

या शेवटच्या गोष्टीत भवानरावांना मोठा अर्थ दिसला. तालमीला उस्ताद लागतो, लाल माती लागते, मल्लखांब लागतो. जोर-बैठका आणि कुस्ती यांत रमणारी मुले मुळातच अंगापिंडाने बरी असतात. क्रिकेटला मैदान लागते, बॅट आणि चेंडू लागतात, आणि खेळणारे अकरा असले तर बघणारे शंभर असतात. म्हणजे ज्या मुलाला व्यायामाची गरज कमी तो व्यायाम करतो, आणि जो किडमिडीत, लाजाळू किंवा मागे राहणारा असतो तो कुंपणाशी उभा राहून टाळ्या वाजवितो. मुलींचा तर प्रश्नच नाही. त्या टाळ्या वाजविण्यासही नसत. नमस्काराला मात्र पैसा लागत नाही, सोबती लागत नाही आणि त्यात हार-जीतही नाही. वर्गातील चाळीस मुले एकाच वेळी एकाच जागी तो करू शकतात.

१९०९ साली अनपेक्षितपणे राज्यकारभार भवानरावांकडे आला. औंध संस्थान ते केवढे! सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख आणि ७२ गावे. तीही सलग नव्हती. औंध एकीकडे, आटपाडीचा दुष्काळी भाग दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर विजापूरच्या बाजूला. उत्पन्न बेताचे. पण नव्या माणसाला जागा देण्याचे औदार्य या राजाजवळ होते. बेळगावहून हलवावा लागलेला आपला कारखाना कोठे न्यावा या चिंतेत असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांना त्यांनी औंधला आश्रय दिला. पंडितजींनी तेथे स्वाध्याय मंडळ चालविले, आणि वेदांबरोबर आसने व व्यायाम यांवरही लिहिले. त्यांना शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभले, हे येथे सांगण्यासारखे आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढावयाचे ठरविले तेव्हा एक लाख रुपयांचे वचन देऊन पुढे आले ते हेच छोट्या संस्थानचे राजे.

औंधच्या शाळेचेही नाव होते. गरीब मुलाला तेथे कमी खर्चात शिकता येत असे. साने गुरुजी लहानपणी काही काळ औंधला शिकत होते, आणि पुढे ग. दि. माडगूळकरही तेथे शिकले. आपल्या संस्थानातील शाळांत भवानरावांनी सूर्यनमस्कार हा नित्याच्या शिक्षणाचा भाग केला. लेखन, वाचन आणि गणित हे जसे कोणाच्या इच्छेवर सोडलेले नसतात, तसे नमस्कारही सोडू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. आठवड्यातून एकदा कवाईत घेऊन भागत नाही. शरीर रोज जेवते, रोज झोपते, तसा त्याला रोज व्यायाम हवा. तोही सगळ्यांना, मुलांना आणि मुलींनाही हवा.

मुलींच्या बाबतीत त्यांचे धैर्य विशेष म्हटले पाहिजे. त्या काळी मुलीने धावणे, उडी मारणे म्हणजे धसमुसळेपणा समजला जाई. व्यायाम केल्याने मुलगी राठ होते आणि तिचे लग्न जमत नाही, असा समज घरोघरी होता. बाईमाणसाला घरातील कामाचाच व्यायाम पुरे, हे वाक्य तर आजही आपल्या कानांवर येते. भवानरावांनी आपल्या ग्रंथांतून स्त्रियांसाठी नमस्कारांचा आग्रह धरला आणि त्याची सुरुवात आपल्या घरापासून केली. राणीसाहेब नमस्कार घालीत, घरातील मुलेबाळे घालीत. दळण, कांडण, पाणी ओढणे यांत श्रम आहेत, पण त्या श्रमांनी तेच ते सांधे झिजतात आणि बाकीचे आखडतात. कष्ट आणि व्यायाम यांतला हा भेद पाठदुखीने बेजार झालेल्या प्रत्येक गृहिणीला न सांगता समजतो.

व्यायामाबरोबर आहाराकडेही त्यांचे लक्ष होते. धान्याचे सत्त्व काढून टाकून आपण चोथा खातो आणि चहाकॉफीच्या आहारी जातो, याविषयी ते वारंवार लिहीत. नमस्कारांवरील त्यांचे पुस्तक मराठीप्रमाणे इंग्रजीतही निघाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन या वृत्तपत्रलेखिकेने त्यांची भेट घेतली. साठी उलटलेल्या या गृहस्थाची चपळाई पाहून ती चकित झाली. तिने न्यूज क्रॉनिकल या पत्रातून नमस्कारांची माहिती दिली आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक संपादित करून प्रसिद्ध केले. ज्या भवानरावांनी एकेकाळी सँडोची साधने विलायतेहून मागविली होती, त्यांच्याकडूनच विलायतेने नमस्कार घेतले.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे. राजाने हुकूम केला आणि शाळांनी तो पाळला, यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. संस्थानिकाच्या शब्दाला नाही म्हणणार कोण? शिवाय सक्तीने केलेला व्यायाम मुलांना नकोसा होतो, हेही खोटे नाही. छडीच्या धाकाने घातलेला नमस्कार हा नमस्कार नव्हे, ती उठाबशांची शिक्षा होय. दुसरा प्रश्न मंत्रांचा. सूर्याची नावे घेऊन करावयाची ही गोष्ट सर्व धर्मांच्या मुलांना सारखीच कशी लागू करावी, असा प्रश्न आजही विचारला जातो, आणि तो गैर नाही. भवानराव स्वतः श्रद्धाळू होते, मंत्रोच्चाराचा शरीरावर चांगला परिणाम होतो असे ते मानीत आणि तसे लिहीत. परंतु ज्याच्या मनाला मंत्र पटत नाहीत त्याच्या मुलाने केवळ हालचाल आणि श्वास एवढेच घेतले, किंवा दुसरा एखादा व्यायाम केला, तर त्यात बिघडते काय? मुलाचे शरीर रोज हलावे, हा मूळ हेतू सांभाळला म्हणजे झाले.

हुकमाच्या आक्षेपाला मात्र त्यांचे चरित्रच उत्तर देते. ज्या गोष्टीची त्यांनी शाळांना सक्ती केली, ती त्यांनी आधी आपल्यावर वर्षानुवर्षे केली होती. राजवाड्यात पहाटे राजे नमस्कार घालीत आहेत हे प्रजेला ठाऊक होते. मुलांना नमस्कार घालावयास लावून आपण खुर्चीवर बसून राहणाऱ्या शिक्षकाला अशा संस्थानात तोंड वर करून बोलता येणे कठीण होते. सक्तीचा जाच वाटतो तो सांगणारा वेगळा आणि करणारा वेगळा असला म्हणजे. दोघेही एका ओळीत उभे राहिले की तिलाच शिस्त म्हणतात.

ही वृत्ती त्यांनी राज्यकारभारातही दाखविली. १९३८ च्या अखेरीस त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले, आणि १९३९ च्या जानेवारीत औंधची स्वराज्य घटना अमलात आली. ती तयार करण्यात महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते, आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश गृहस्थ व राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी त्यासाठी श्रम घेतले. गावोगावच्या पंचायतींना कारभार मिळाला. मताचा हक्क साक्षरतेशी जोडल्यामुळे प्रौढ माणसेही पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांसाठी बिनभिंतींची वसाहत निघाली. शांतारामबापूंच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे तीच कल्पना आहे. बाहेरच्या धाकापेक्षा आतल्या नेमावर विश्वास ठेवावा, हे सूत्र शाळेतल्या नमस्कारांपासून या खुल्या तुरुंगापर्यंत एकच दिसते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. भवानरावांनी ते शांतपणे स्वीकारले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहालयात आजही गर्दी होते. शाळेतला नेम मात्र काही भिंतीवर टांगून ठेवण्याची वस्तू नव्हे. तो रोज नव्याने पाळावा लागतो, आणि ज्या दिवशी पाळला नाही त्या दिवशी तो नाहीसा होतो.

भगिनींनो, आज परिस्थिती काय आहे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण हवे आणि वर्गांना खेळाचे साहित्य हवे असे सांगितले. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षकाची तरतूद त्यात आहे ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तीही शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांना. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी अशा वेगळ्या शिक्षकाचे नाव त्या परिशिष्टात नाही. म्हणजे ज्या वयात हाडे घडतात आणि सवयी लागतात, त्या वयाच्या मुलांचा व्यायाम वर्गशिक्षकाच्या सवडीवर आणि हौसेवर राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगाला श्रम देणारी हालचाल करावी. आपल्या मुलांचा दिवस डोळ्यांपुढे आणा. रिक्षाने शाळा, बाकावर पाच-सहा तास, पुन्हा रिक्षा, मग शिकवणी, आणि रात्री हातात मोबाइल. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातील पहिली कात्री खेळाच्या तासावर चालते, आणि खरे सांगावयाचे तर आपणही त्याबद्दल तक्रार करीत नाही. गणिताचा तास बुडाला तर आपण शाळेत जाऊन विचारतो. खेळाचा तास बुडाला तर आपल्याला कळतही नाही.

यात पैशाची अडचण नाही, हे औंधने दाखविले. दुष्काळी गावांतील, तुटपुंज्या उत्पन्नाच्या एका संस्थानाला जे जमले ते आपल्या पेठेतल्या शाळांना का जमू नये? नमस्कारच हवेत असे नाही. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, लेझीम, मुलांना आवडेल ते असावे. पण ते रोज असावे, ठरलेल्या वेळी असावे, आणि सर्वांना असावे. पहिल्या ओळीतल्या चपळ मुलाला जसे, तसेच शेवटच्या बाकावरच्या लठ्ठ किंवा अशक्त मुलीलाही असावे. ज्यांना चालताफिरता येत नाही त्यांच्यासाठी बसून करण्याजोग्या हालचाली असाव्यात. पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिकेबरोबर एवढेही विचारा, की या महिन्यात खेळाचे तास किती झाले, आणि त्यांत माझे मूल प्रत्यक्ष किती वेळ हलले.

आणि विचारण्याआधी सकाळी दहा मिनिटे आपणही चटई अंथरावी. गुडघे कुरकुरत असतील तर डॉक्टरांना विचारून बेताने करावे; दोन नमस्कार झाले तरी पुष्कळ झाले. आई रोज हे करते हे मुलांनी पाहिले, म्हणजे शाळेने लावलेला नेम त्यांना जाच वाटणार नाही. औंधच्या राजांनी आपल्या शाळांपुढे हाच कित्ता ठेवला होता.